न उचललेले फोन

१२ तारीख, मंगळवार, दुपार

चि. मुंगी हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं जाडजूड पाकीट येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारणं पुष्कळ आहेत. चष्म्याची काडी मोडली होती. तुझ्या काकूचा गुडघा सुजला होता. घरात रेघांचे कागद नव्हते आणि बिनरेघी कागदावर माझ्या ओळी उतरणीला लागतात. यातलं एकही कारण खोटं नाही, पण महिनाभर पुरेल एवढं मोठंही नाही. असो.

इकडे सगळे बरे आहेत. काकू गुडघ्याला शिव्या देत का होईना, फिरते. मुलगा कामासाठी बाहेरगावीच असतो, महिन्यातून एकदा तोंड दाखवतो. सून गिरणीच्या नव्या माग खात्यात लागली, तिला पाच महिने झाले. तू वेळेवर जेवत जा. लहानपणी भिंतीवरच्या मुंग्या मोजत बसायचीस आणि ताटातलं गार व्हायचं, म्हणून तर हे नाव पडलं. आता पगार घेऊन मोजतेस, एवढाच फरक.

आता मुद्द्यावर येतो. काकू म्हणते, रागाने लिहिलेलं पत्र दोन दिवस उशीखाली ठेवावं आणि मग टाकावं. मी ठेवणार नाही. तेवढे दिवस नाहीत.

मुंगे, तुम्हा शिकल्यासवरल्या लोकांना झालंय तरी काय? माग खात्यात आयुष्य काढलेल्या माणसांचे कान गेलेत की शाबूत आहेत, हे शोधायला तुमची संस्था निघाली. चांगलं काम. गिरणीच्या जुन्या हजेरीपटावरून सहाशे नावं चिठ्ठ्या टाकून काढलीत. तेही चांगलं, कुणाच्या ओळखीचा, कुणाच्या मर्जीतला असं काही राहिलं नाही. आणि मग त्या सहाशे जणांना विचारलंत कसं? फोन करून!

बहिऱ्याला फोन लावून विचारायचं, ‘काय हो, तुम्हाला ऐकू येतं का?’ उद्या आंधळ्यांना पत्रं पाठवाल, दिसतं का ते उलट टपाली कळवा म्हणून.

तुझ्या पाकिटातला अहवाल मी चार वेळा वाचला. सहाव्या इयत्तेच्या मानाने बराच कळला. सहाशेपैकी दोनशे चौदा जण फोनवर बोलले. त्यांच्यातल्या शंभरात अकरा जणांनी त्रास आहे म्हणून सांगितलं. गिरणीत कधी न गेलेल्या त्याच वयाच्या माणसांत प्रमाण याहून थोडं जास्तच असतं. सबब मागांच्या आवाजाने कान जातात असं म्हणता येत नाही. हे अठ्ठावीस तारखेला समितीपुढे जाणार आणि त्यावरून समिती ठरवणार, की नव्या खात्यात कानांना झाकणं द्यायची की नाही, दरवर्षी कान तपासायचे की नाही. म्हणजे साहेब लोक तुझे अकरा टक्के टेबलावर आपटून म्हणणार, ‘जुन्यांना काही झालं नाही, नव्यांना काय धाड भरलीय!’

आणि उरलेले तीनशे शहाऐंशी? त्यांना तू एका ओळीत उरकलंस. ‘संपर्क होऊ शकला नाही.’ अगं, काही वारले असतील, काहींचे नंबर बदलले असतील, ते मी सोडून देतो. पण बाकीच्यांच्या उशाशी फोन वाजत होता गं. वाजून वाजून गप्प झाला. तो न उचललेला फोन हेच त्यांचं उत्तर होतं, आणि तेच तू फेकून दिलंस.

तू म्हणशील, काकाला यातलं काय कळतं. कळतं. बावीस वर्षं मागावर काढल्यानंतर मी चौदा वर्षं कापड तपासणीच्या टेबलावर होतो. काचेचं उतरतं टेबल, खाली दिवे. कापड काचेवरून ओढायचं आणि जिथे धागा तुटला, गाठ आली, तिथे खडूची खूण करून वहीत रेघ मारायची. शंभर तागे आले तर दहा तपासण्यापुरताच वेळ असायचा. नवा होतो तेव्हा मी गठ्ठ्यातले वरचे दहा उचलले. एकसुद्धा दोष नाही. मी आपला खुशीत वही घेऊन जॉबरकडे, म्हणजे आमच्या मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, ‘अरे शहाण्या, विणकर काय तुझ्यासाठी खराब तागा वर ठेवील? तळाशी हात घाल.’ तळाशी हात घातला आणि वहीचं पान कमी पडलं.

तुझे दोनशे चौदा म्हणजे वरचे तागे आहेत, मुंगे.

आणि दुसरं. आम्ही विणकराला कधी विचारत नव्हतो, ‘बाबा रे, तुझ्या ताग्यात दोष किती?’ तो म्हणणार, एकही नाही. खोटंही बोलत नसतो तो, त्याला दिसलेलेच नसतात. दोष विचारायचा नसतो, कापड ओढायचं असतं. तुमचा सहावा प्रश्न बघ. ‘चार माणसं एकत्र बोलत असताना तुम्हाला बोलणं समजतं का? नेहमी, कधी कधी, कधीच नाही.’ माग खात्यातला कुठलाही गडी म्हणेल, नेहमी. का? अडीचशे माग एका छपराखाली चालू झाले की कानाशी तोंड लावलं तरी शब्द पोचत नाही. तिथे आम्ही तोंडं मोठी करून बोलायचो आणि समोरच्याचे ओठ वाचायचो. चार मागांपलीकडच्या माणसाला ‘डबा आणलास का’ विचारायचं आणि ‘भावाला दिला’ हे उत्तर घ्यायचं, आवाजाशिवाय. आमची भांडणं अशीच, थट्टा अशीच. दोघांची लग्नंसुद्धा अशीच जुळली. ज्याला ओठ दिसतात त्याला समजतं. तो ‘नेहमी’ म्हणाला ते खरंच आहे, आणि तुमच्या कामाला त्या खऱ्याचा कवडीचा उपयोग नाही.

तुझा अहवाल वाचून मी घरात बसून राहिलो असतो तर नुसता चडफडलो असतो. म्हणून जुन्या सोबत्यांकडे गेलो. पहिला पैलवान. तो दारातच बसला होता. मी समोर उभा राहून विचारलं, ‘तुला संस्थेचा फोन आला होता का रे?’

‘फोन आहे ना,’ तो म्हणाला. ‘मुलीने घेऊन दिलाय. कपाटात ठेवलाय, खराब होऊ नये म्हणून.’

‘वाजतो का?’

‘वाजतो म्हणतात.’

लांब्याच्या घरी त्याच्या बायकोने सांगितलं, ‘आला होता हो एका मुलीचा फोन. फार गोड बोलत होती. ह्यांना द्या म्हणाली. आता ह्यांना देऊन काय उपयोग? मीच सांगितलं, ते बाहेर गेलेत.’

लांब्या तिच्या शेजारी बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. मान हलवून म्हणाला, ‘कुठे गेलो होतो मी?’

हसू नकोस. मलाही हसू आलं होतं, पण जिना उतरेपर्यंतच.

मग मीच मोजायचं ठरवलं. वाचनालयाची मागची खोली रविवारी रिकामी असते, तिथे फरशा एकसारख्या एक फुटाच्या आहेत. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे जुनं चावीचं घड्याळ आहे, ठणठणीत टिकटिक करतं, ते घेतलं. माग खात्यातले आठ जण बोलावले आणि गिरणीचं तोंडही न बघितलेले त्याच वयाचे आठ. त्यांत पोस्टमन, न्हावी, एक मास्तर, असे. माणसाने पाठ करून बसायचं, शिंप्याने बाराव्या फरशीवरून घड्याळ घेऊन एकेक फरशी पुढे यायचं, ऐकू आलं की बसलेल्याने हात वर करायचा. मी वहीत लिहायचं.

पहिलाच लांब्या. अकराव्या फरशीवर हात वर! मी म्हटलं, झालं, पोरीचंच खरं. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा अकरावी. शिंपी म्हणाला, ‘काका, हा समोर पोस्टमनकडे बघतोय.’ आणि खरंच, पोस्टमन घड्याळ ऐकू आलं की आपोआप डोळे शिंप्याकडे वळवत होता आणि लांब्या ते टिपत होता. लांब्याला विचारलं तर म्हणतो, ‘कळलं की हात वर करायचा ना? मला कळलं.’ त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकेकाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. लांब्याचा हात आला घड्याळ दुसऱ्या फरशीवर आल्यावर.

वहीत जे आहे ते तसंच लिहितो. बाहेरच्या आठांपैकी सहा जणांना सातव्या फरशीच्या आसपास ऐकू आलं, दोघांना चौथीवर. मागवाल्या आठांपैकी पाच जणांना दुसऱ्या फरशीवर. पैलवानाला आणि आणखी एकाला कानाला घड्याळ टेकेपर्यंत नाही. एकालाच पाचव्या फरशीवर आलं, आणि तो खात्यात फक्त चार वर्षं होता, नंतर दुकान घातलं.

हे माझे मित्र आहेत, चिठ्ठ्या टाकून काढलेले नाहीत, हे मला कळतं. कदाचित मीही तळाचेच तागे उचलले असतील. सोळा माणसांवर समिती हलत नाही हेही कळतं. पण तुझ्या दोनशे चौदांना भिंतीकडे तोंड करून बसवून बघ म्हणावं.

शेवटी पैलवान म्हणाला, ‘आता तू बस.’ मी म्हटलं, मोजणाऱ्याला कोण मोजतो, आणि वही मिटली.

आणखी एक. अहवालाच्या पहिल्या पानावर आभार मानलेत, ‘माग खात्यातील अनुभवी कामगार असलेले माझे काका, ज्यांच्या सल्ल्याने माहिती गोळा करण्याची पद्धत निश्चित केली’. ती ओळ काढून टाक. का ते विचारू नकोस.

काकू हाक मारते आहे असं दिसतंय. उरलेलं उद्या.

बुधवार, सकाळ

काल पत्र बंद करणार होतो. पाकिटाला डिंकही लावला होता. केला नाही बंद.

काल संध्याकाळी सून पाळीवरून आली आणि ओट्याशी पाठ करून उभी होती. मी मागून विचारलं, ‘गॅस बंद केलास का गं?’ ती म्हणाली, ‘हो बाबा.’ म्हणाली असावी. मान तरी हलवली. मी पुढे जाऊन बघितलं तर गॅस चालू, वर भांडं नाही. मी तिच्या समोर जाऊन पुन्हा विचारलं. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गॅसकडे, आणि लाजली. म्हणाली, ‘दमलेय हो बाबा, लक्षात राहत नाही.’ काकू म्हणते, हिला हल्ली तीनदा हाक मारावी लागते, माज आलाय पगाराचा.

माज नाही गं. तो ‘हो’ मी ओळखतो. समोरच्याने काय विचारलं ते कळलेलं नसतं, पुन्हा विचारायची लाज वाटते, आणि बहुतेक प्रश्नांना ‘हो’ चालून जातं, म्हणून म्हटलेला तो ‘हो’ असतो. अकरा वर्षं मी त्याच्यावर संसार चालवला आहे.

रविवारी वाचनालयात सगळे गेल्यावर शिंप्याने मला बसवलंच. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. बराच वेळ झाला, मला वाटलं हा अजून बाराव्या फरशीवरच उभा आहे, थट्टा करतोय. म्हणून ओरडलो, ‘अरे निघ की!’ तेव्हा माझ्या खांद्याला काहीतरी लागलं. वळून बघतो तर घड्याळ. तो केव्हाचा माझ्या मागे उभा होता. भला माणूस आहे, घड्याळ पिशवीत घातलं. वहीत मी नववी ओळ लिहिली नाही. आता लिही: मागावर बावीस वर्षं, शून्य फरशा.

तुझ्या काकूला माहीत आहे. आल्यागेल्यांपुढे ती सांभाळून घेते. माझ्या समोर बसते, मी चुकीच्या जागी हसायला लागलो की पाय दाबते. फोनही तीच घेते आणि मला ओठांनी सांगते. तुमच्या संस्थेचा फोन मलाही आला होता, चिठ्ठीत माझंही नाव निघालं होतं. तिने एकेक प्रश्न मला सांगितला आणि मी ऐटीत उत्तरं दिली. त्रास? अजिबात नाही. म्हणजे तुझ्या एकशे नव्वद ठणठणीत कानवाल्यांत एक मी आहे.

आता ज्यासाठी पाकीट उघडं ठेवलं ते.

पाहणीचं ठरत होतं तेव्हा तू मला फोन केला होतास. काकू बाजारात गेली होती. फोनवर तुझं नाव उजळलं आणि मला राहवलं नाही, मीच उचलला. पंधरावीस मिनिटं तू बोलत होतीस. मला आवाज येत होता, पलीकडच्या खोलीत कुणी बोलावं तसा. शब्द एकही नाही. चढ आला की प्रश्न आहे हे कळायचं, तेव्हा मी म्हणायचो, ‘हो हो.’ ‘छान.’ ‘तसंच कर.’ फोन ठेवला आणि वाटलं, जमलं आपल्याला, पोरीला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी बाकावर सगळ्यांना सांगितलं, पुतणी एवढ्या मोठ्या संस्थेत आहे पण काकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

तुझं पाकीट आलं, पहिल्या पानावरचे आभार वाचले आणि सोबतच्या तुझ्या पत्रातून कळलं, की तू विचारत होतीस, ‘काका, घरोघर माणसं पाठवून कान तपासायचे की फोनवर विचारलं तरी चालेल?’ आणि काकांनी फोन चालेल असं निक्षून सांगितलं.

म्हणून महिना लागला, मुंगे. चष्म्याची काडी दोन दिवसांत दुरुस्त झाली होती.

काल तुझ्यावर एवढं तोंडसुख घेतलं, ते खोडत नाही. तू मला विचारून मोकळी व्हायला नको होतंस. एका माणसाच्या शब्दावर पद्धत ठरवतात का? दहा घरी गेली असतीस तर पहिल्या दारातच कळलं असतं. पण बाकीची निम्मी शिवी माझी आहे, ती मी घेतो.

तुझ्या बापाबद्दलही सांगून टाकतो, कारण नंतर धीर होणार नाही. तू नेहमी म्हणतेस, बाबा रागीट होते, मी हाका मारायचे तर मान वळवायचे नाहीत, आणि बोलायचे ते ओरडून. तो माझ्याच रांगेत, माझ्यापुढच्या मागावर होता. माझ्या धाकट्या भावासारखा मऊ माणूस त्या खात्यात दुसरा नव्हता. तू पाठीमागून हाक मारत होतीस गं. मला हे माहीत होतं आणि तुला सांगितलं नाही, कारण त्याचं सांगितलं असतं तर माझंही उघडं पडलं असतं.

आता काय करायचं ते ऐक. अठ्ठावीसला अहवाल देऊ नकोस. समितीला सांग, मोजायची पद्धत चुकली, मुदत द्या. लाज वाटेल. वाटू दे, मला महिनाभर वाटली आणि मी जिवंत आहे. कान तपासायचं यंत्र घेऊन माणसं घरोघर पाठव. त्यांना बजाव, बोलताना तोंड कागदाआड धरा. घरच्या बायकांना खोलीबाहेर ठेव, त्या आमच्यासाठी उत्तरं देतात. कोण किती वर्षं मागावर होता ते लिहून घे आणि बाहेरची तेवढ्याच वयाची माणसं बरोबरीला घे. आणि सुरुवात त्या तीनशे शहाऐंशी दारांपासून कर. कुणी विचारलं कुणाच्या सल्ल्याने चुकलं, तर माझं नाव पुढे कर. मी समितीपुढे येऊन बसेन, त्यांनी पाठीमागून वाटेल ते विचारावं.

सून आज सकाळी पुन्हा पाळीला गेली. मी तिला कापसाचे बोळे दिले, तर म्हणाली, तिथे कुणी घालत नाही, हसतात. माझ्या म्हणण्याने ती घालणार नाही. समितीने खात्यातल्या सगळ्यांना दिले तर घालेल.

तेव्हा हे पत्र मिळेल त्याच दिवशी दोन ओळी टाक, अहवाल थांबवलास एवढंच लिहिलंस तरी पुरे. पण लिहूनच कळव. फोन करू नकोस. केलास तर तुझं नाव उजळलेलं बघून मी उचलेन, आणि तू काहीही विचारलंस तरी हो म्हणेन.

पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझा बहिरा काका